काकीच्या शेडची वेस

कोंबड्यांच्या धंद्यात माणूस पंधरा-वीस वर्षं राहिला की दोन गोष्टी त्याला कायमच्या चिकटतात. एक वास आणि दुसरे किस्से. वास साबणाने थोडा तरी जातो. किश्श्यांचं तसं नाही, चौघं चहाला बसले की एकाला धरून दुसरा बाहेर येतो. बायको म्हणते, "त्यापेक्षा वास परवडला."

मी एका कंपनीत सुपरवायझर होतो. कंपनी शेतकऱ्यांना एक दिवसाची पिल्लं, खाद्य आणि औषधं द्यायची. शेतकरी ती शेडमध्ये वाढवायचे आणि तयार झाली की कंपनीची गाडी माल उचलायची. पेणपासून रोह्यापर्यंत चौदा शेड माझ्याकडे होत्या. मोटारसायकलवरून फिरायचं, पक्ष्यांची वजनं घ्यायची, किती मेले ते लिहायचं आणि सगळ्यांना बजावायचं, "बाहेरचा रोग आत येऊ देऊ नका." आता एकाच बुटांनी चौदा शेड फिरणारा माणूस हे सांगतो, यातली गंमत मला कळलीच नव्हती. ती कळली गागोदे बुद्रुकच्या द्रौपदीकाकीमुळे.

*

काकीची एक अख्खी बॅच राणीखेत रोगाने चार दिवसांत संपली होती. मी त्या भागात यायच्या आधीची गोष्ट. तेव्हा मॅनेजरसाहेबांनी तिला बजावलं होतं, "पुन्हा असं झालं तर पिल्लं बंद." काकीचा नवरा, महादूकाका, जोह्याला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचा. ते काम हंगामी. बाकीचं वर्ष घर चालायचं ते शेडवर.

पहिल्या दिवशी मी फाटकाशी गाडी लावली, तर काकी माझ्या बुटांकडे बघत उभी.

"सकाळपासनं किती शेडी फिरले हे?"

"तीन," मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

"मंग ते भाईर ऱ्हाऊंदे. आनि तूपन आंगोळ केल्याबिगर आत येव नको."

फाटकाबाहेर बांबूचा आडोसा होता, पाण्याचं पिंप होतं, साबण होता. दोरीवर महादूकाकाची हाफ पँट आणि सदरा वाळत होता. महादूकाका माझ्या खांद्याला लागतो, म्हणजे त्या कपड्यांत मी कसा दिसलो असेन ते तुम्हीच बघा. शेवटी काकीच्या रबरी चपला घालून चुन्याच्या पाण्यात पाय बुडवले आणि आत गेलो.

नेमके त्याच दिवशी मॅनेजरसाहेब अचानक आले. फाटकाबाहेरून मला म्हणाले, "ए, सुपरवायझर कुठाय रे तुमचा?"

मी म्हणालो, "साहेब, मीच."

साहेब हसून हसून बेजार झाले. तेवढ्यात काकीने दुसरी हाफ पँट आणून त्यांच्यापुढे धरली. साहेबांना एकदम पेणची मीटिंग आठवली.

*

एकदा पेणला आम्ही शेतकऱ्यांचा मेळावा घेतला होता. मी माइकवरून सांगत होतो, "लहान पिल्लांकडे आधी जायचं, मोठ्या पक्ष्यांकडे नंतर आणि आजारी शेडकडे सगळ्यात शेवटी."

काकी मागच्या रांगेतून उठली. "माझी पिल्लं आठ दिवसांची हाईत. जित्याचे पक्षी तयार झालेत. मंग तू आधी जित्याला जाऊन दुपारी माझ्याकडं कसा येतोस?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं, पण माइकवर सांगण्यासारखं नव्हतं. जिते गावच्या शेडवर सकाळी तांदळाची भाकरी आणि सुकट मिळायची. माझा रूट रोगावर नव्हे, नाश्त्यावर आखलेला होता!

दुसऱ्या दिवसापासून मी आधी गागोद्याला जाऊ लागलो. महिनाभराने काकीने फाटकाबाहेरच ताट आणून ठेवलं. म्हणाली, "खा. नायतर परत सुकटीचा वास घेत जित्याला जाशील."

*

गावात दरवर्षी वेशीवर देवाला कोंबड्यांची राखण देतात. घरोघरचे कोंबडे घेऊन लोक वेशीपर्यंत जातात आणि ती वाट काकीच्या शेडला अगदी लागून. घरच्या कोंबड्यांना कुठली लस? काकी गावच्या बैठकीत जाऊन म्हणाली, "यंदा कोंबडे पल्याडच्या बांधावरनं न्या."

म्हातारे खवळले. एक जण म्हणाला, "देवाची वाट अडवतेस गो?"

"राखण कशापायी देता, आबा?"

"गावात रोगराई शिरू नये म्हनून."

"मंग माझ्या शेडलापन वेस हाय. तिथं तुमी रोग घेऊन का शिरता?"

त्या वर्षी कोंबडे बांधावरून गेले. आता सगळे तीच जुनी वाट म्हणून सांगतात.

*

काकीचे व्याही खाडीकडचे, मिठागरावर काम करणारे. एकदा ते गावठी कोंबडी काखेत मारून सुनेच्या माहेरी आले. व्याह्याने आणलेली भेट परत करता येत नाही आणि कोंबडी तर शेडजवळ नको. काकीने त्यांना रस्त्यावरूनच वळवून गावाच्या दुसऱ्या टोकाला जावेच्या घरी नेऊन बसवलं. कोंबडी तिथे शिजली, वडे झाले, पाहुणा पोट भरून जेवला. काकी मात्र तोवर घरी परतली होती.

व्याही गावभर सांगत फिरले, "पाहुनचार झ्याक झाला. फकस्त विहीन मिळाली नाय."

*

सगळेच काकीसारखे नव्हते. रोह्याजवळ दत्ताराम म्हणून एक जण होता. माणूस लाखाचा, पण आळशी. शेडच्या दारात पाय बुडवायला त्याने चुन्याच्या पाण्याचं टाकं बांधलं होतं आणि रोज उडी मारून ते ओलांडायचा. का, तर चपला खराब होतात! मी आलो की तेवढा पाय बुडवायचा.

एकदा मी विचारलं, "पाणी कधी बदललं होतंस?"

"तीन वर्सं झाली. खराबच होत नाय."

*

आता शेवटचा. हा मी सहसा चहावर सांगत नाही.

काकीची बॅच तयार झाली होती. त्या सकाळी माल उचलायला गाडी येणार होती. मी पेणच्या एसटी स्टँडपाशी होतो, तेवढ्यात काकीचा फोन आला. "आज हिकडं येव नको. रोज दोन-तीन मरतात, आज सतरा मेल्यात. हिरवं हागतात, माना मुरगळल्यात." लस दिली होती, परका माणूस आत गेला नव्हता, तरी राणीखेत. कुठून आला ते आजवर कळलेलं नाही.

फोन चालू असतानाच पलीकडे गाडी येऊन थांबली. ड्रायव्हर म्हणत होता, "काकी, बऱ्या दिसतात तेवढ्या भरून टाकू. कोन बगतंय?"

खरं सांगतो, मी 'नको' म्हणालो नाही. कंपनीची अट मला पाठ होती. गाडी भरली असती तर बॅच कागदावर पास झाली असती आणि काकीची पिल्लं चालू राहिली असती. मी फोन कानाला लावून गप्प उभा राहिलो. त्याची मला अजून लाज वाटते.

काकीने ड्रायव्हरला विचारलं, "हितनं कुठं जानार?"

"रोह्याला, दत्तारामशेठकडं. आर्दी गाडी त्यांचा माल हाय."

"त्याच्या शेडीला गाडी लागनार?"

"लागनारच की."

"मंग फाटक नाय उघडत," काकी म्हणाली आणि मला फोनवर कडी लावल्याचा आवाज आला.

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले. खड्डा खणला, चुना टाकला, दोन हजार पक्षी गेले. दत्तारामचा माल दोन दिवसांनी दुसऱ्या गाडीतून उचलला, एकही पक्षी आजारी नव्हता. मॅनेजरसाहेबांनी मात्र काकीची पिल्लं बंद केली. मी त्यांच्याशी भांडलो. ते म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा."

काकीने शेड धुतली, चुना मारला, जमिनीवर भाताचं नवं तूस पसरलं. पिल्लं यायची नव्हती, तरी रोज सकाळी ती शेड झाडायची. महादूकाका मला म्हणाला, "तिला काय बोलू नको."

दोन महिन्यांनी दत्तारामकडे नवी पिल्लं उतरवायला गाडी गेली. मी सोबत होतो. दत्ताराम फाटकात आडवा उभा. काकीने त्या दिवशी फाटक का उघडलं नाही, ते ड्रायव्हरने त्याला सांगितलं होतं.

"ही पिल्लं गागोद्याला न्या."

"अहो, काकीची पिल्लं बंद आहेत."

"माझ्या नावावर आल्यात ना? मंग मी सांगतो तिथं उतरवा. नायतर परत न्या."

मी साहेबांना फोन लावला. एक दिवसाची पिल्लं वाटाघाटीला थांबत नाहीत. ऊन चढत होतं आणि खोक्यांतून नुसता चिवचिवाट चालला होता. साहेबांना तो फोनवरही ऐकू येत असणार. शेवटी ते म्हणाले, "न्या. कागदांचं मी बघतो."

मी मोटारसायकलवरून पुढे गेलो. काकी झाडतच होती. फाटकाबाहेरून तिला सगळं सांगितलं. ती खराटा धरून उभी राहिली. डोळे भरून आले तसे पदराने पुसले, परत भरले. मागून गाडी आली आणि ड्रायव्हरने फाटकाशी हॉर्न दिला.

काकीने गाडीकडे बघितलं.

"ही दत्तारामच्या दारात हुबी व्हती?"

"हो."

"मंग आधी चाकं धुवा."