तात्यांना बसवायचं कसं

तात्यांचा सगळा जन्म लोकांना जेवू घालण्यात गेला. स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात ते वेटर. जगाची जेवायची वेळ, ती त्यांची पळापळीची. घरी परतेपर्यंत पोरंबाळं जेवून झोपलेली असायची. मग ओट्याशी उभ्याउभ्याच पातेल्यातलं गार अन्न भराभर पोटात ढकलायचं, की झालं जेवण. कुणाच्या लग्नाला गेले तरी हा माणूस जेवायला बसायचं सोडून वाढायला धावायचा.

आता नोकरी संपली होती आणि तात्या परदेशात लेकीकडे आले होते. लेक तिथे एका लॅबमध्ये कवळ्या बनवायची. "बरंय, मी खायला घातलं, तू दात दे," असं म्हणत तात्यांनी तिच्या छोट्याशा स्वयंपाकघरातही ओट्याजवळची जागा पकडली होती.

परतीच्या आदल्या दिवशी लेकीने जाहीर केलं, "आज शहर बघायचं आणि संध्याकाळी बाहेर जेवायचं."

"कशाला? कालची भाजी आहे ना."

"ती तुम्ही सकाळीच संपवलीत. उभ्याने. मी पाहिलंय." लेक समोर येऊन उभी राहिली. "तात्या, मला एकच हवंय. माझ्यासमोर बसून एक अख्खं जेवण. मध्ये उठायचं नाही. आपण दोघं असे कधी जेवलोच नाही हो."

"एवढंच ना? बसेन की! त्यात काय!"

स्पीकरवर टाकलेल्या फोनमधून, तिकडे घरी असलेली आई खो खो हसली. "बसतायत! खुर्चीला बांध त्यांना."

राजवाड्यात दोरीपलीकडे राजाचं लांबलचक जेवणाचं टेबल मांडलेलं होतं. तात्या तिथून हलेनात.

"एवढ्या टेबलाला वाढपी किती लागत असतील गं? आणि स्वयंपाकघर कुठंय? गरम पोचत असेल का?"

"तात्या, राजा बघा ना. तो काय भिंतीवर."

"बघितला. जेवून बसलेला दिसतोय."

नदीत बोटीची फेरी झाली. सगळे प्रवासी बाकांवर, तात्या कठड्याला धरून उभे. घड्याळाच्या मनोऱ्याखाली लेकीने पायरी झटकून दिली, तरी हे आपले उभेच. "बसल्यावर कुठं नीट दिसतं?" म्हणाले.

संध्याकाळी ती त्यांना एका बेताच्या हॉटेलात घेऊन गेली. तात्यांनी सवयीने कोपऱ्यातली खुर्ची धरली. पाठ भिंतीला, सगळी खोली नजरेत. लेकीने सूप, ब्रेड आणि मासे मागवले. तात्या चक्क बसले होते. लेकीला वाटलं, जमलं!

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरच्या आजीबाईंनी हात वर केला.

तात्या उठले. मांडीवरचा नॅपकिन खांद्यावर गेला, पावलं त्या टेबलाशी पोचली. आजीबाईंनी रिकामा जग पुढे केला, तो त्यांनी काउंटरवरून भरून आणला. मग त्या मेनूवर बोट ठेवून बरंच काही बोलल्या. तात्यांनी गंभीरपणे मान डोलावली. "येस मॅडम."

"तात्या! इकडे या आधी! काय मागितलं त्यांनी?"

"ते काही कळलं नाही. पण गोड असणार. बोट शेवटच्या पानावर होतं."

लेकीने तिथल्या वेट्रेसची माफी मागितली. ती हसत काहीतरी म्हणाली आणि आजीबाईंकडे गेली.

"काय म्हणाली गं?"

"म्हणाली, उद्यापासून कामाला या."

तात्यांचा चेहरा फुलला. लेकीचा मात्र पडला.

"लहानपणी मला वाटायचं," ती टेबलावरचा चमचा उगाच सरळ करत म्हणाली, "तुम्हाला आमच्यात बसून जेवायला आवडतच नाही."

"अगं ए वेडाबाई!" तात्या हबकले. "आवडत नाही कसं? मी काय मुद्दाम उठतो? हात वर दिसला की पायच उठतात. मला विचारतात होय ते?"

लेकीने हातातला चमचा सोडला.

"हात दिसला की?"

"हो."

"मग उठा."

"घ्या! आता तूच उठवतेस!"

"उठा हो." तिने खुर्च्या बदलल्या. आता तात्यांच्या समोर लेक आणि तिच्यामागे नुसती कोरी भिंत. खोली सगळी पाठीशी. मागे ताटल्या वाजल्या, तसे त्यांचे खांदे हलले.

"काय चाललंय मागं? कुणाला काही हवंय का?"

"काही नाही. सगळ्यांना सगळं मिळालंय."

तात्यांनी श्वास सोडला. सूप आलं. नेहमीच्या घाईने त्यांनी चमचा भरून तोंडात घातला आणि त्यांचे डोळेच पांढरे झाले.

"आई गं! भाजलं! गरम आहे हे!"

"सूप गरमच असतं, तात्या."

"मला सांगतेस? मीच पोचवलंय की गरम गरम! खाल्लं नव्हतं कधी, एवढंच." आणि ते एवढे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग लेकीने दाखवली तशी फुंकर घालत, एकेक चमचा, सावकाश पिऊ लागले. राजा, बोट, आजीबाई, सगळ्यांवर बोलून झालं. मासे संपले. कधी नव्हे ते तात्या अजून खुर्चीतच होते.

ब्रेडची टोपली रिकामी झाली. तात्यांनी टोपलीकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, आणि बिचकत बिचकत स्वतःचा हात वर केला. आधी खांद्यापर्यंत, मग चांगला डोक्यावर.

"येतंय का गं कुणी?"

"येतेय ती."

"घाई नाही म्हणावं," तात्या म्हणाले आणि खुर्चीत आणखी थोडे मागे रेलले.