सैल पोटाचा हवालदार

जेवण करून मी सोप्यातल्या खाटेवर आडवी झाले आहे. झोप लागलेली नाही, पण समोरची भिंत जरा लांब गेल्यासारखी वाटते. अंगणात प्रज्वल, माझा नातू, श्वासाचा अभ्यास करतो आहे. नाकानं हळू आत, ओठांतून फुंकर घातल्यासारखा बाहेर. उद्या त्याची रजा संपते आणि तो पलटणीत परत जातो.

धावताना त्याचा श्वास घशात अडकतो. आत घेताना शीळ वाजते. लष्करी दवाखान्यातल्या मेजरबाईंनी त्याला पळवलं, नाकातून बारीक नळी घालून घसा बघितला आणि सांगितलं, हा दमा नाही. श्वास घेताना स्वरतंतू उघडायला हवेत, याचे मिटतात. काही महिने धावणं बंद, आणि दवाखान्यात येऊन हा अभ्यास.

मला यात काहीतरी काळंबेरं दिसतं. याच्या आजोबांनाही आधी धावणं बंद सांगितलं, मग दम्याचा शिक्का मारून घरी पाठवलं. आमच्या गावात घरटी एक जण फौजेत. मेडिकलला तोंड उघडायचं नाही, हे इथं पोरांना पळायच्या आधी शिकवतात. मीही प्रज्वलला तेच सांगितलंय. बरं वाटतंय म्हण आणि पळ. तो अजून हो म्हणालेला नाही, पण माझ्या शब्दाबाहेर जायचा नाही.

फुंकरीचा आवाज थांबतो. खाटेच्या पायथ्याशी आमचे हे बसलेले आहेत.

त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मी उठत नाही, डोळे किलकिले करून बघते. गणवेश त्यांचाच, मिशीही तीच. पण पोट सैल. श्वासाबरोबर वरखाली होतंय. इथंच मला शंका येते. हा माणूस जन्मभर पोट आत ओढून राहिला. जेवताना, झोपेत, तापानं फणफणत असतानाही सावधान.

"कोण तुम्ही?"

"हवालदार."

"हवालदार गावात ढीगभर हाईत."

"तुझा गं."

"माझ्या माणसाच्या घशात शीळ वाजायची. तुमची कुठं गेली?"

"ऱ्हायली तिकडंच," ते म्हणतात.

खाट आता परेडच्या मैदानात आहे. चुन्याच्या पांढऱ्या रेघा थेट खाटेखालून जातात. लांबवर एक पाटी दिसते. मी वाचते, "प्रवेश बंद."

"तुला वाचाय कधीपासनं यायला लागलं?"

"तुम्ही गेल्यावर शिकले."

घरातल्या कुणी यांना पढवून पाठवलं असतं, तर मी वाचायला शिकले हे यांना ठाऊक असतं. मी थोडा विश्वास ठेवते. थोडाच.

"कशाला आलासा? पोराला न्यायला?"

"मी काय यमाचा शिपाई हाय व्हय?" ते कमरेचा पट्टा सोडतात आणि माझ्या हातात कोंबतात. "ह्यो आवळण्यात जन्म गेला. धर. त्याला दिऊ नगंस."

फिनेलचा वास येतो. आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलो आहोत, माझे पाय मात्र अजून खाटेच्या दोरीवर.

"हितंच मला घरी जा म्हनले," ते सांगतात.

"आणि हितंच पोराला धाडू?"

"मला कुनी पळवून बघितलं न्हाई. बसवून छाती तपासली. बसल्यावर मला कुठं काय हुयाचं? साहेबानं इचारलं, शीळ आत घेताना वाजती का सोडताना? मी पोट आत घेतलं आन् म्हनलो, ठीक हूँ साब. वाजायची आत घेताना, पोरावानी घशातच, दमा न्हवताच त्यो."

"खरं का न्हाई सांगितलं?"

"कसं सांगनार? पळायच्या आधी तेच शिकवलेलं."

"मग घशातलं हे आता कुणी सांगितलं तुम्हाला? मेजरबाईंनी धाडलंय ना?"

"पोराची फुंकर ऐकतोय की. रोज."

"रोज येता?"

ते हसतात. मी दचकते. त्यांचं हसू नेहमी अर्ध्यात खोकल्यात अडकायचं. हे शेवटपर्यंत जातं.

"आणि त्यालाही घरी धाडलं, तर?" मी विचारते.

"तर यील घरी. पर सांगून यील."

अंगणात फुंकर पुन्हा ऐकू येते. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं आहे. पायथ्याशी कुणी नाही. माझी उजवी मूठ मात्र घट्ट मिटलेली आहे, बोटं एकेक करून उलगडावी लागतात. तळव्यावर चौकट उमटली आहे. चारी कोपरे, मधला आडवा दांडा. पितळी बक्कलाची. मी उशी झटकते, वाकळ उलथीपालथी करते, खाटेखाली हात फिरवते. काही नाही. तो पट्टा मी स्वतःच्या हातानं त्यांच्या सरणावर ठेवला होता.

"प्रज्वल," मी हाक मारते. "मेजरबाईंकडं जा. शीळ कधी वाजते, काय होतं, सगळं नीट सांग. लपवू नकोस."

तो दारात येतो. "आजी, सकाळपर्यंत तर उलटंच सांगत होतीस. कुणी शिकवलं तुला?"

मी मूठ पुन्हा मिटून पदराखाली घेते. कोपरे अजून टोचतात.