बादलीत गेलेलं औषध

आधी चहाचे कप खाली ठेवा. मागे हाच किस्सा सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता.

दूर एका देशात मोठा भूकंप झाला होता. तिथे मदत पाठवणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय पथकाला तळोज्याच्या गोदामात माणसं हवी होती. मी राहतो खारघरला; तिथून तळोजा काय लांब? आणि घरी एकटा बसून भिंती तरी किती बघायच्या? गेलो.

काम सोपं. एका कुटुंबाला एक झाकणाची बादली. ती टेबलावरून पुढे सरकते; एकजण चादर टाकतो, दुसरा पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, मी साबण. शेवटी झाकण ठोकलं की बादली ट्रकमध्ये, ट्रक विमानतळावर.

पण मुंग्या! माझ्या डब्याच्या पिशवीत मुंग्या शिरल्या, म्हणून माझी लोणच्याची बाटली मी मोठ्या हुशारीने एका रिकाम्या बादलीत ठेवली आणि हात धुवायला गेलो.

परत येऊन बघतो तर सगळ्या बादल्या बंद! सगळ्या निळ्या. एक झाकावी आणि दुसरी काढावी.

तुम्ही म्हणाल, लोणचंच ना? दुसरं आणा! अहो, ते लिंबाचं लोणचं आमच्या हिने, सुमतीने घातलेलं होतं. शेवटचं. ती गेल्यापासून मी जेवताना एकच फोड घ्यायचो. बाटलीतलं लोणचं तळाला आलं होतं.

हे काय चारचौघांत सांगायचं? गोदामाचं काम बघणारी नावडे गावची सुगंधा जवळ आली. "काका, तोंड का उतरला? काय हरवला?"

"माझं... औषध," मी म्हणालो. "बादलीत गेलं."

झालं! संकटात धावून जाणं हाच ज्यांचा धंदा, त्यांच्यासमोर मी हे बोललो!

"ट्रक थांबवा रे! काकांचा औषध आत हाय!"

सगळ्या बादल्या ट्रकमधून उतरून वजनकाट्यावर चढू लागल्या. जी जड भरेल तिच्यात औषध! इकडे पथकाच्या परदेशी डॉक्टरीणबाईंनी मला चादरींच्या गठ्ठ्यावर आडवं केलं. बाईंनी इंग्रजीत विचारलं, "औषध कधी घेता?"

"जेवताना."

"मधुमेह?"

मी मान हलवली. आपली मान! हो म्हणते की नाही म्हणते, आपल्याला तरी कळतं का? बाईंनी 'हो' धरलं.

"नाही घेतलं तर काय होतं?"

"घास उतरत नाही."

एवढं मात्र अगदी खरं होतं. बाई गंभीर झाल्या. रक्तदाब बघितला. थापांनी तो पार छताला टेकलेला! "मीठ कमी करा," त्यांनी बजावलं. "पापड, लोणचं तर अजिबात नको."

"गावली, गावली!" सुगंधाने जड बादलीचं झाकण उचकटलं. गोदामभर वास सुटला.

"अगो बाय! औषधात मोहरी हाय!"

सगळे हसले, ट्रकवाला सोडून. "तिकरं लोकांची घरा पडलीत, नि आमी लोनचा शोधताव?"

धरणीमाते, पोटात घे! पण भूकंप दुसऱ्याच देशात झालेला.

बाईंनी बाटली उजेडात धरली. "हे कोणी लिहून दिलं?"

"बायकोने."

"मग तिलाच विचारा, किती घ्यायचं."

"ती नाही आता."

सुगंधा हसायची थांबली. बाईंनी बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं आणि ती माझ्या हातात दिली. "अर्धी फोड," त्या म्हणाल्या. "जास्त दिवस पुरेल."

मी गुपचूप बादल्या चढवायला लागलो. शेवटची बादली चढली, ट्रक एकदाचा निघाला. सुगंधाने कपाळाचा घाम पुसला.

"चला काका, काम झाला. पयली मदत तर पोचलीसुदा!"

"पोचली? अगं, ट्रक आत्ता फाटकाबाहेर पडतोय. पोचली कुठे?"

"खारघरच्या काकांना!"