तिघांचा एक पासवर्ड

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या वधू-वर सूचक मंडळात तर मी नुसती टेबलाशी बसलेली असते आणि ते आपोआप येऊन साठतात, पत्रिका आणि फोटो साठतात तसे. फरक इतकाच, की लग्न जमलं की लोक फोटो परत न्यायला येतात. किस्से न्यायला कोणीच येत नाही!

आमचं मंडळ डोणगावचं. मी दहावी शिकलेली, टायपिंग येतं, म्हणून कॉम्प्युटर आला तेव्हा तो माझ्या हवाली झाला. कमिटीत तिघं. अध्यक्ष बापूसाहेब, निवृत्त हेडमास्तर, आवाज अजूनही प्रार्थनेच्या मैदानावरचा. सचिव पंडितकाका, गावातली लग्नं लावणारे. आणि खजिनदार दादाराव, यांचं तूर-सोयाबीनच्या खरेदीचं दुकान. तिघंही मनानं फार चांगले. फक्त एकमेकांवर विश्वास नाही!

* * *

मेहकरहून संतोष कॉम्प्युटर बसवायला आला, त्या दिवशीची गोष्ट. पडद्यावर 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' असा शब्द आला. बापूसाहेबांनी अर्थ विचारला.

"प्रशासक, सर," संतोष म्हणाला.

बापूसाहेब खुर्चीतून उठलेच. "प्रशासक? म्हंजे समिती बरखास्त झाली का? कोनं तक्रार केली?"

आणि त्यांनी दादारावांकडं पाहिलं.

"माह्याकडं काऊन पाहून राह्यले? मी तं आत्ता आलो!"

संतोषनं पाणी पिऊन समजावलं, की बाहेरून कोणी नेमलेलं नाही. ज्याच्याकडं तो पासवर्ड, त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं बदलता येतं, एवढाच अर्थ.

"मंग तो मीच पाहिजे," तिघं एकदम म्हणाले!

* * *

तोडगा पंडितकाकांनी काढला. माझ्या रोजच्या कामाला साधा, वेगळा पासवर्ड. पण अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड तिघांचा मिळून एक. पहिला तुकडा बापूसाहेबांचा, मधला पंडितकाकांचा, शेवटचा दादारावांचा. ज्यानं त्यानं आपला तुकडा टाकायचा, दुसऱ्याला सांगायचा नाही.

एक जण टाकत असताना बाकी सगळ्यांनी भिंतीकडं तोंड करायचं, असंही ठरलं. संतोषनं आणि मीसुद्धा.

तेवढ्यात एक पाहुणे मुलीची नोंदणी करायला आले, सोबत त्यांची बायको. आम्ही सगळे भिंतीकडं तोंड करून गप्प उभे. त्यांना काय वाटलं कोण जाणे. दोघांनी चपला काढल्या, हात जोडले आणि आमच्या शेजारी भिंतीकडं तोंड करून उभे राहिले!

* * *

पुढं एकदा दिवसभर लाइट जात-येत राहिली आणि कॉम्प्युटर बिघडला. सुरू व्हायचा, गोल फिरायचं, बंद पडायचा. मग निळा पडदा. मी संतोषला फोन केला.

"ताई, दुरुस्तीत शिरायचं तं अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागनच. नाही तं फॉरमॅट मारा लागते. मंग सगळं पुसलं जाईन."

सगळं म्हणजे सगळ्या मुला-मुलींची माहिती आणि फोटो! मी तिघांना बोलावणं धाडलं. पंडितकाका आणि दादाराव लगेच आले, त्यांनी आपापले तुकडे टाकले. बापूसाहेब पूजा आटोपून आले, त्यांनी आपला टाकला. पासवर्ड चुकला!

कोणाचा चुकला, ते मशीन सांगत नाही. मग काय!

"तुमचाच चुकला," दादाराव पंडितकाकांना म्हणाले.

"मी? मी पंचांग पाठ म्हनतो अन् हे चुकीन?"

परत टाकला, परत चुकला. शेवटी मी हळूच म्हटलं, "त्या दिवशी पहिले बापूसाहेब बसले होते ना?"

बापूसाहेब पहिले बसले. मग बाकीचे दोघे. कॉम्प्युटर उघडला.

बापूसाहेबांनी मान ताठ करून दोघांकडं पाहिलं. "पाहा! मशीनलेबी कळते, मान कोनाचा!"

पण जाताना मला म्हणाले, "ताई, वधू-वर मेळाव्यात यानं मोठ्या पडद्यावर फोटो दाखवले तं ठेवू. नाही तं हे भंगारात, आन् पंडितकाका पयल्यासारखं रजिस्टर लिहितीन."

पंडितकाका रजिस्टर लिहिणार म्हणजे माझी खुर्चीही भंगारात, हे मला न सांगता कळलं.

* * *

साखरखेर्ड्याच्या कमळामावशी दर महिन्याला यायच्या. मुलगा गजानन, वय चौतीस, शेती, स्वतःचा ट्रॅक्टर, सुपारीचंही व्यसन नाही. पण शेतीवाला म्हटलं की मुलीकडचे पुढं सरकत नाहीत.

एकदा त्या आल्या तेव्हा कॉम्प्युटर सुरू होत होता. पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत होतं.

"ताई, हे काय करून राह्यलं?"

"सुरू होतोय मावशी, पण पुढंच जात नाही."

मावशींनी पदरानं घाम पुसला. "आमच्या गजाननचं असंच हाय. पाहुने येतात, पोहे खातात, घराभोवती फिरून पाहतात, अन् पुढं काही नाही."

मग त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला. "होईन बाई, तुझंबी होईन."

* * *

बापूसाहेबांच्या पत्नी म्हणजे सुमित्राकाकू. लग्नाला चाळीसहून जास्त वर्षं झाली, पण बापूसाहेबांनी त्यांना नावानं हाक मारलेली डोणगावात कोणी ऐकली नाही. "ऐकलं का?" हीच हाक. मोबाइलमध्येही त्यांचा नंबर 'घर' म्हणून. मेळाव्याच्या पत्रकात महिला समितीचं पहिलं नाव काय छापायचं विचारलं, तर म्हणाले, "लिहा, सौ. अध्यक्ष!"

एकदा धाड गावचे एक म्हातारे गृहस्थ ऑफिसात आले. हातात शेवयांची पिशवी. "आमची इंदू आली का इकडं?"

पंडितकाकांनी चष्मा लावला. "बसा. वय?"

"असन एकसष्ट-बासष्ट."

पंडितकाका थांबले. "दुसरेपणाची हाय का?"

म्हातारे लाल झाले. "ओ महाराज, बहीन हाय माही! तुमच्या अध्यक्षाची बायको!"

नेमके बापूसाहेब दारात! तेव्हा आम्हाला कळलं, की काकूंचं माहेरचं नाव इंदू. लग्नात तांदळावर लिहून ते सुमित्रा केलं.

"इथं कोनी इंदू नाही," बापूसाहेब मेव्हण्यांना म्हणाले. "चला घरी."

* * *

आता मेळाव्याचा दिवस. हॉल गच्च भरलेला. कमळामावशी पहिल्या रांगेत, शेजारी गजानन, नवा शर्ट, कॉलर घामानं भिजलेली. काकू पार दाराशी, बायकांना हळदी-कुंकू लावत होत्या. स्टेजवर एकच टेबल, त्यावरच कॉम्प्युटर आणि त्यावरच माइक.

लाइट गेली, आली, परत गेली, आली. आणि मोठ्या पडद्यावर सगळ्यांसमोर निळं!

संतोष हजर होता. "ताई, तेच. पासवर्ड."

पंडितकाका आणि दादाराव धावत आले. पण पहिला मान बापूसाहेबांचा, आणि त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांनी बटणांवर बोटं फिरवली, चुकली. परत फिरवली, परत चुकली.

"मले दिसून नाही राह्यलं."

"सांगा, मी टाकते," मी म्हटलं.

"सांगायचं नाही, असं ठरलं हाय."

खाली लोक उठायला लागले होते. "घरीच बरं होतं," कोणीतरी म्हणालं. कमळामावशी मात्र बसून होत्या. गजाननचा हात धरून माझ्याकडंच पाहत होत्या.

"बापूसाहेब," मी म्हटलं, "त्या मावशी दर महिन्याला येतात हो. आणि माझी खुर्चीही यावरच आहे. मी कोणाला सांगणार नाही."

ते पंडितकाकांना आणि दादारावांना म्हणाले, "भिंतीकडं पाहा." दोघं वळले. बापूसाहेब टेबलावर वाकले, तोंड माझ्या कानाजवळ आणलं आणि त्यांना जमेल तितक्या हळू आवाजात बोलले.

माइक चालूच होता.

"इंदू," अख्ख्या हॉलला ऐकू आलं.

आणि पार दाराकडून आवाज आला, "ओ! आली!"

मी मान खाली घालून अक्षरं टाकली. पंडितकाकांनी टाकली, दादारावांनी टाकली. या वेळी भिंतीकडं कोणीच पाहिलं नाही, सगळे दाराकडं पाहत होते. संतोषनं दोन-चार बटणं दाबली. निळा पडदा गेला, गोल फिरलं, पुढं सरकलं आणि मोठ्या पडद्यावर पहिलाच फोटो आला तो गजाननचा, ट्रॅक्टरशेजारी उभा!

तोपर्यंत काकू खुर्च्यांमधून वाट काढत स्टेजपाशी पोचल्या होत्या. हातात कुंकवाचं ताट तसंच. त्यांनी पदर सारखा केला.

"काय म्हनता?"

बापूसाहेबांनी काळा चष्मा नीट केला.

"काही नाही. कॉम्प्युटर चालू करून राह्यलो."