डॅशबोर्डमागच्या चिकटपट्ट्या

कुणाला घाबरवायला मी हे लिहीत नाहीये. खरं तर घाबरण्यासारखं ह्यात काही नाहीच. पण ह्या ग्रुपवरचे लोकांचे असले अनुभव मी इतकी वर्षं हसून सोडून दिलेत, की आता स्वतःचा लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय. मी हार्डवेअर इंजिनिअर आहे, सांता क्लारातल्या एका कंपनीत चिप्स टेस्ट करते. मल्टिमीटरवर दिसेल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा – असा माझा साधा हिशेब. तो गेल्या वर्षी एका शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास, आमच्या सनीव्हेलच्या गॅरेजमध्ये, बिघडला.

पन्नाशी झाली म्हणून मी स्वतःला एक गाडी घेतली. जुनी, सत्तरच्या दशकातली, इंग्लिश बनावटीची, दोनच सीट्सची उघडी स्पोर्ट्स कार. गडद हिरवी. मार्गारेट नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंकडून घेतली. त्यांच्या नवऱ्याने, रॉयने, ती कोरी असताना घेतली होती आणि मरेपर्यंत दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नव्हती. माझा नवरा अजित म्हणाला, "हिच्यात बसायचं की ही अंगात घालायची?" असू दे. मला ती पाहताक्षणी आवडली.

एकच गोष्ट खटकत होती, गाडीत रेडिओ नव्हता. डॅशबोर्डवर रेडिओच्या जागी नुसतं एक काळं झाकण. मी ठरवलं, इथे आपण स्वतःच्या हाताने स्टिरिओ बसवायचा. बाहेरून जुन्यासारखी दोन गोल बटणं, आत ब्लूटूथबिटूथ सगळं, असा एक मागवला. दुकानात देऊन बसवून घेता आला असता, पण हे काम मला येतं. लहानपणापासून येतं.

नागपुरात महालात बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शटर वर केलं की समोर एक टेबल, मागे भिंतभर उघडे पडलेले रेडिओ आणि डाग देताना जळणाऱ्या रोजिनचा तो गोडसर धूर. पुढे टेपरेकॉर्डर आले, मग गाड्यांमध्ये टेप बसवायची कामं यायला लागली. टॅक्सीवाले, एखादे डॉक्टर, कुणाची नवी गाडी. डॅशबोर्डच्या खाली बाबांचा हात जायचा नाही. दादाला त्यात काडीचा रस नव्हता. म्हणून मी. नऊ-दहा वर्षांची असेन, गाडीत पाय सीटवर आणि डोकं खाली अशी उलटी पडून वायरी शोधायची आणि बाबा बाहेरून विचारायचे, "बब्बे, सापडली का?"

बब्बी हे माझं नाव फक्त त्यांच्यापुरतं. घरात बाकी सगळे मला कल्पनाच म्हणतात.

ही गाडी घेतली त्याच्या दोन वर्षं आधी बाबा गेले. शेवटचं वर्षभर त्यांना काही आठवत नव्हतं. व्हिडिओ कॉलवर मला बघून हात जोडायचे आणि "नमस्कार मॅडम" म्हणायचे. ते मला सहन व्हायचं नाही. ओळखतच नाहीत तर जाऊन काय करू, असं मी स्वतःला सांगितलं, कामाचं निमित्त पुढे केलं आणि तिकीट पुढे ढकलत राहिले. शेवटी गेले ती तेराव्याला. हे मी पहिल्यांदाच कुठेतरी लिहितेय.

तर, शनिवार. बॅटरीची वायर काढून ठेवली, सीटवर जुनी चादर टाकली आणि पाठीवर झोपून डॅशबोर्डखाली शिरले. वरचं काळं झाकण चार स्क्रूंवर होतं. स्क्रू गंजलेले, रंगाखाली दबलेले, म्हणजे कित्येक वर्षांत कुणी हात लावलेला नाही हे उघड होतं. ते काढलं. मागे कापडी टेपमध्ये गुंडाळलेला वायरींचा जुडगा. मूळचे रंग धुळीने आणि वयाने सगळे एकाच तपकिरी छटेवर आलेले. कुठली कशाची, काही पत्ता लागेना. एक जाड वायर मात्र कशालाच न जोडल्यासारखी मध्येच लोंबत होती. म्हटलं ही आधी ओढून बाहेर काढू, अडचण कमी होईल. हात घातला तर बोटांना काहीतरी कागदासारखं लागलं.

टॉर्च मारला.

प्रत्येक वायरीला मागच्या बाजूने चिकटपट्टी गुंडाळून तिचं टोक झेंड्यासारखं सोडलेलं होतं. जखमेवर लावतात ती कापडी चिकटपट्टी. आणि तिच्यावर निळ्या बॉलपेनने लिहिलेलं... देवनागरीत. एकीवर "चालू". एकीवर "दिवा". एकीवर "माती".

त्या वायरीला आमच्या धंद्यात सगळे अर्थिंग म्हणतात. माती म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. "शेवटी सगळं मातीतच जायचं, तर सरळ माती लिहावं की," असं बाबा म्हणायचे. चिकटपट्टीही त्यांचीच पद्धत, कापडावर पेनाची शाई टिकते म्हणून. आणि अक्षर... बाबा शब्द लिहून झाल्यावर वरची रेघ एकदम ओढायचे आणि ती उजवीकडे चढत जायची. इथे तशीच चढलेली होती.

त्या जाड वायरीवरची पट्टी सगळ्यात लांब होती.

"बब्बे, ही ओढू नको."

मी टॉर्च तिथेच धरून ती पुन्हा पुन्हा वाचत होते. अजित कॉफी घेऊन आला आणि माझे नुसते पाय बाहेर बघून म्हणाला, "झोपलीस की काय?" मी म्हटलं, "खाली ये. वाच." तो मोठ्या कष्टाने वाकला. वाचलं. मग कॉफीचा मग जमिनीवर ठेवून शेजारी बसला.

"आधीचा कुणी मेकॅनिक मराठी असेल, यार," तो म्हणाला.

"आणि त्याची पण बब्बी असेल?"

त्याने पुन्हा वाकून ती पट्टी वाचली.

मी मार्गारेटबाईंना फोन लावला. रेडिओच्या वायरिंगचं कुणी काम केलं होतं का, एवढंच विचारलं. त्या हसल्या. "नो, हनी! रॉयने त्या गाडीत रेडिओ कधी येऊच दिला नाही. इंजिनचा आवाज ऐकायला गाडी घेतली म्हणायचा. त्या डॅशबोर्डला तर त्याने मलाही हात लावू दिला नाही." कुणी इंडियन मित्र, शेजारी? नाही. त्यांच्या लहान गावात त्यांनी पाहिलेली पहिली इंडियन बाई म्हणे मीच. बाबा तर अमेरिकेतच काय, भारताबाहेर कधी गेले नाहीत. आणि पट्ट्या जुन्या होत्या. पिवळ्या पडलेल्या, कडा कुरकुरीत झालेल्या, वरची धूळही खालच्या वायरीइतकीच.

मग मी त्या जाड वायरीचा माग काढला. ती लोंबत नव्हतीच, मागे वळून इंजिनकडे जात होती. थेट बॅटरीकडून येणारी, मध्ये फ्यूज नसलेली. पत्र्याच्या भोकातून जिथे ती आरपार जात होती तिथे तिचं आवरण पार फाटून आतली तार उघडी पडलेली. मी ओढली असती तर ती उघडी तार बरोबर पत्र्याला टेकली असती. नंतर बॅटरी जोडली असती तेव्हा ठिणगी... आणि तिथून वीतभर अंतरावर पेट्रोलची नळी जाते, तीही जुनीच. अजितने स्वतः टॉर्च घेऊन बघितलं. त्यानंतर मराठी मेकॅनिकचं नाव त्याने काढलं नाही.

वायर नीट दुरुस्त केली. बाकीचं काम पट्ट्यांवर लिहिलंय तसं केलं. चालू ती चालू निघाली, दिवा तो दिवा, माती ती माती. बाबा स्पीकर कधी गाणं लावून तपासत नसत. दोन स्टेशनांच्या मध्ये काटा ठेवून नुसती खरखर ऐकायचे, "गाणं फसवतं, खरखर फसवत नाही" म्हणायचे. मीही तेच केलं. रेडिओच्या एएम बँडवर गेले, स्टेशन नसलेल्या जागी थांबले. डावीकडून, उजवीकडून सारखी, स्वच्छ खरखर येत होती. गॅरेजचं दार उघडं होतं, समोरच्या लॉनवर ऊन पडलं होतं आणि मला तो रोजिनचा वास आठवून इतकं रडू आलं... तेराव्यालाही आलं नव्हतं.

संध्याकाळी पट्ट्यांचा फोटो दादाला पाठवला. सोबत एक अक्षर लिहिलं नाही. नागपुरात रविवारची सकाळ. दोन मिनिटांत त्याचाच फोन आला.

"दुकानातलं हे कुठं सापडलं तुला? मी तर सगळं भंगारात देऊन टाकलं होतं."

"अक्षर कोणाचं आहे, दादा?"

"बाबांचं. विचारतेस काय?"

मग मी सगळं सांगितलं.

"कल्पना," तो म्हणाला, "तुला एक सांगितलं नव्हतं. तुला त्रास होईल म्हणून. शेवटी शेवटी बाबा दिवसभर चिकटपट्टी आणि पेन मागायचे. तुझी वहिनी आणून द्यायची. तुकडे फाडायचे, लिहायचे आणि मुठीत धरून बसायचे. कशालाच लावायचे नाहीत. झोपले की मी मूठ सोडवून ते कचऱ्यात टाकायचो. वाचलेसुद्धा नाहीत गं मी कधी."

"कशाला लिहिता, असं विचारलं नाहीस?"

"विचारलं. म्हणायचे, बब्बीच्या गाडीचं काम आहे, उशीर होतोय. बब्बी कोण ते मला आठवायलाच वेळ लागला. आणि तुझ्याकडे तेव्हा कुठली असली गाडी होती? मी म्हटलं, बरळतायत." त्याचा आवाज फुटला. "रोज विचारायचे, झालं का काम, झालं का काम..."

ह्याला काय म्हणायचं मला माहीत नाही. गाडीत ती पट्टी त्यांच्या आजाराच्याही आधीपासून असावी इतकी जुनी दिसते. रॉयने ती लावलेली नाही, मी नाही, आणि बाबांच्या हातून सुटलेल्या पट्ट्या तर नागपूरच्या कचऱ्यात गेल्या. अजितने महिनाभर थिअऱ्या मांडल्या, आता तोही मांडत नाही. मला एवढंच कळतं, की स्क्रीनवरच्या बाईला ते मॅडम म्हणत होते आणि त्याच वेळी बब्बी कोण हे त्यांना पक्कं माहीत होतं.

त्या संध्याकाळी फोनवर दादा रडत होता आणि माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "झालं म्हणावं त्यांना. छान झालं."

तो म्हणाला, "सांगतो."