मोंजिया आणि आपोआप बदलणारा आकडा

मोंजियाचं अक्षर म्हणजे स्फाक्सच्या नगरपालिकेचं वैभव. शाईने नकाशे काढायचे त्या काळात प्रत्येक नकाशाखाली प्रमाणाचा आकडा, म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर जमिनीवर किती भरतो ते, तीच लिहायची, आणि तो लिहीत असताना कुणी शिंकलं तरी तिचा पारा चढायचा. पुढे संगणक आला. बिचारी तोही शिकली. फक्त प्रमाणाचा आकडा काही तिने त्याच्या हवाली केला नाही.

"अगं, ती प्रमाणाची चौकट टाक की खाली," शेजारच्या टेबलावरची फौझिया म्हणायची. "नकाशा लहान-मोठा केलास की आकडा आपोआप बदलतो."

"मला न विचारता बदलतो, तेच तर नकोय मला!"

हट्टीपणात तिचा हात कुणी धरला नसता.

जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, बागांमधून नवा रस्ता निघणार होता. त्याचा नकाशा तिने १:२५०० प्रमाणात केला आणि आकडा हाताने टाइप केला. साहेब म्हणाले, "केवढा कागद रिकामा राहिलाय, जरा मोठा करा." तिने नकाशा कागदभर पसरवला. आकडा होता तसाच राहिला, आणि प्रती बागवाल्यांकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी तायेबकाका काठी आपटत कचेरीत आले. तिच्या वडिलांचे हे जुने शेजारी.

"पोरी, माझी झाडं चालायला कधी लागली गं?" त्यांनी नकाशा अंथरून त्यावर पट्टी ठेवली. "तुझ्या आकड्याने दोन झाडांत तीस मीटर येतात. आपल्याकडे चोवीस सोडून कुणी लावलंय? माझा बाप काय पिऊन झाडं लावत होता?"

फौझियाला हसू आवरेना. "काका, आधी कॉफी घ्या."

"कॉफी मागाहून! उद्या खुंट्या ठोकणारे याच कागदावरून बांधापासून अंतर मोजणार. या आकड्याने रस्ता थेट माझ्या विहिरीवर येतो. विहीर बुजली तर नव्या रोपांना काय पाजू, माझे अश्रू?"

मोंजियाचा चेहरा पांढराफटक पडला. चोवीस मीटर तर इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि तिने एकदा ताडूनही पाहिलं नव्हतं. तिने आपला आकडा पुसला आणि ती चौकट टाकली. १:२००० उमटलं. नकाशा लहान केला, आकडा बदलला. पुन्हा मोठा केला, पुन्हा बदलला.

"चूक माझीच, काका," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

फौझियाने फोन करून जुन्या प्रती परत मागवल्या. नव्या प्रतीवर काकांनी पट्टी लावली. झाडं चोवीसवर आली, विहीर रस्त्यापासून चांगली लांब राहिली. तरी काका उठेनात.

"हा आकडा कुणी लिहिला?"

"संगणकाने."

"मग उद्या तो चुकला, तर मी भांडायला कुणाकडे येऊ?"

त्यांनी प्रत तिच्यापुढे सरकवली. मोंजियाने आकड्याखाली स्वतःचं नाव लिहिलं, आणि काका हलेनात तेव्हा घरचा फोन नंबरही.