दारावरची ओझेला

ओझेला टिन्सलीच्या अंत्यविधीला पाळकांनी व्यासपीठावरून सांगितलं की राष्ट्राध्यक्षांच्या दुसऱ्या निवडणुकीत आमच्या केंद्रावरचं शेवटचं मत तिनं दिलं. लोक ‘आमेन’ म्हणाले. मग चर्चच्या तळघरात तळलेली कोंबडी खाता खाता तीच गोष्ट चार तोंडांतून फिरली आणि चौपट झाली. मी गप्प राहिले, कारण मयताच्या जेवणावर भांडू नये एवढं मला कळतं. पण ते खोटं आहे. ओझेलानं त्या दिवशी मत दिलंच नाही. मी तिथं होते.

ओहायोतल्या आमच्या गावात टायरचा कारखाना होता तोवर ती तिथल्या कँटीनमध्ये वाढपी होती. कारखान्याला कुलूप लागलं, मग ती शाळेची बस चालवायला लागली. पण तिचं खरं काम रविवारचं. आम्ही दोघी चर्चमध्ये दारावरच्या सेविका. पांढरा कडक गणवेश, पांढरे हातमोजे आणि तोंडातून अवाक्षर नाही. कोणी कुठं बसायचं, कधी उठायचं, सगळं हाताच्या खुणांनी. एकदा महापौर उशिरा आले, तर तिनं त्यांना सरळ मागच्या बाकावर बसवलं. ते बिचारे बसलेही.

राष्ट्राध्यक्ष आमच्यासारखेच काळे, देशातले पहिले. त्यांची पहिली निवडणूक म्हणजे आमच्याकडे लग्नघर होतं. जो तो नाचायला पुढं. दुसऱ्या खेपेला मात्र संसार सुरू झालेला, आणि संसारात भांडी घासायला कोण येतं? प्रचाराची कचेरी चपलांच्या बंद दुकानात होती. तिथं मतदारांना फोन करायला येणारे बोटांवर मोजण्याइतके उरले. टीव्हीवरचे शहाणे रोज सांगायचे, या लोकांचा उत्साह ओसरलाय, यंदा हे घराबाहेर पडायचे नाहीत. ओझेला ते ऐकायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

“थकलेत म्हणे,” ती म्हणायची. “आम्ही थकलो की नाही ते आम्ही सांगू.”

रेल्वेरुळांपलीकडची सगळी घरं तिनं स्वतःकडे घेतली. बसची सकाळची फेरी संपली की दारं ठोठावायची, संध्याकाळची संपली की पुन्हा. सगळ्यात चिवट दार निघालं ते घरातलंच. रॉस्को, तिच्या मेलेल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. कारखान्यातून नोकरी गेली तेव्हापासून त्याचा गुडघा आणि स्वभाव दोन्ही वाकडे झाले होते.

“चार वर्षं झाली,” तो म्हणाला. “काय दिलं त्यानं मला?”

“तुला काय हवं होतं? त्यानं येऊन तुझ्या अंगणातलं गवत कापावं?”

“मी यंदा घरी बसणार, ओझेला.”

“बस की. पण मग पुढची चार वर्षं माझ्या स्वयंपाकघरात येऊन कुरकुर करायची नाही. मक्याचा पाव खायचा आणि तोंड मिटायचं.”

तो हसला, पण बधला नाही.

मतदानाच्या दिवशी अग्निशमन केंद्राला वळसा घालून रांग पार रस्त्यापर्यंत गेली, कारण आतलं एक यंत्र सकाळीच बंद पडलं होतं. वारा असा की कान झोंबावेत. ओझेला चर्चचा गणवेश घालून आली, वर कोट. चर्चमधल्या घडीच्या खुर्च्या तिनं रांगेच्या कडेनं मांडल्या.

“आधी आत जाऊन मत देऊन ये,” मी म्हटलं.

“दारावरची शेवटी, क्लॉडीन.”

चर्चमध्ये प्रभुभोजनाचा घास आम्ही सेविका सगळ्यांच्या शेवटी घेतो, तसंच शिकलोय. पण मला धाकधूक होती. या बाईनं जन्मात एक मत चुकवलं नव्हतं. नवऱ्याला मूठमाती देऊन परतताना, काळ्या कपड्यांत, ती शाळा मंडळाच्या मतदानाला थांबली होती.

टायवाला एक तरुण अधिकारी बाहेर आला. “बाई, इथं प्रचार चालत नाही.”

ओझेलानं राष्ट्राध्यक्षांचा बिल्ला प्रचारबंदीच्या निशाणापाशी येण्याआधीच काढून पर्समध्ये टाकला होता. “प्रचार कोण करतंय?” ती म्हणाली. “मी लोकांना बसवतेय.”

दिवसभर बसवलं तिनं. म्हाताऱ्यांना खुर्ची दिली. वैतागून निघालेल्या एका बाईचं रडकं पोर खांद्यावर घेतलं आणि हातानंच तिला रांग दाखवली. ती बाई मुकाट्यानं परत उभी राहिली. माझं मत दुपारीच झालं होतं, तरी मी तिच्या मदतीला थांबले.

नियम असा होता की साडेसातला दार लागणार, आणि दाराच्या आत असेल त्याला मत देता येणार. वेळ भरत आली तेव्हा रांगेचं शेपूट आत सरकलं होतं. “आता तरी जा,” मी तिला ढकललंच. तिनं एक पाय आत टाकला, आणि तेवढ्यात गाड्यांच्या पलीकडून रॉस्को येताना दिसला. गुडघा ओढत, धापा टाकत.

“टीव्हीवर म्हणतायत, आमची माणसं आलीच नाहीत,” तो लांबूनच म्हणाला. “कोण म्हणतो आलो नाही?”

ओझेला बाहेर आली. त्याचा कोपर धरला, पायरीवरून वर घेतलं, आत घातलं. आणि चाळीस वर्षं दर रविवारी केलं तेच तिच्या अंगानं केलं. एक पाऊल मागं सरली आणि दार बाहेरून ओढून घेतलं. आतून अधिकाऱ्यानं किल्ली फिरवली.

मी दाराच्या काचेवर मुठी आपटल्या. त्यानं दार जरासं उघडलं. “दार लागलं तेव्हा त्या बाहेर होत्या.”

“सकाळपासून इथंच आहे ती!”

“रांगेत नव्हत्या, बाई.”

“मी बाहेर येतो, तिला घ्या,” रॉस्को म्हणाला.

“अदलाबदल चालत नाही.”

ओझेला आपल्या हातमोज्याकडे बघत राहिली. मग घडीच्या खुर्चीवर मटकन बसली. गणवेशात बसलेली ती मला पहिल्यांदाच दिसली. मला रडू फुटलं, रागानं. जराशानं ती उठली, काचेपाशी गेली, आणि रॉस्कोला तळहातानं खूण केली: पुढं सरक. तो पुढं सरकला.

राष्ट्राध्यक्ष निवडून आले. रविवारी चर्चमध्ये सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते, आणि ओझेला दिसली की चेहरे पाडत होते. “बिचारी, सगळ्यांना आत घातलं आणि तिचंच राहिलं,” असं कोणी मोठ्यानं म्हणालं. दारावरच्यांनी बोलायचं नसतं. ओझेला मधल्या वाटेत उभी राहून बोलली.

“माझी कीव करायची नाही. अलाबामात माझा बाप मतदारयादीत नाव घालायला दर साली सरकारी कचेरीच्या पायऱ्या चढायचा. इस्त्रीचा शर्ट घालून जायचा. दर साली कोणीतरी त्याच्या तोंडावर दार लावायचं, आणि तो घरी येऊन शर्ट घडी करून ठेवायचा. माझ्या तोंडावर कुणी दार लावलेलं नाही. ते मी लावलं, माझ्या हातानं, आणि आत माझी माणसं होती. कळलं? आता बसा. उपासनेला उशीर होतोय.”

तिनं हात वर केला, आणि आम्ही सगळे बसलो.